काटा बांधून मिळेल

माझ्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात कागदाच्या अठरा-एकोणीस पुड्या आहेत. प्रत्येक पुडीत केसाहून जरा जाड, बोटभर लांबीची पोलादी साखळी, आणि पुडीवर माझ्या अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव. दर दिवाळीच्या साफसफाईला घरातलं कोणीतरी विचारतंच, "हे भंगार टाकायचं का?" मी नाही म्हणतो आणि डबा पुन्हा आत जातो. त्यातली एक पुडी रिकामी आहे. ती रिकामी का, ते सांगायला बसलोय. पण त्याआधी धंदा समजावून सांगायला हवा, कारण हा धंदा ठाण्यात माझ्याशिवाय कोणी केल्याचं मला ठाऊक नाही. केला असेल तर त्या भल्या माणसानं तो गुपचूप केला असावा.

मी मूळचा घड्याळजी. लढाईच्या काळात मुंबईच्या गोदीत जहाजांची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात होतो. होकायंत्र, जहाजाचं घड्याळ आणि बॅरोमीटर, ही तिथली तीन दैवतं. लढाई संपली, जहाजं कमी झाली, आमची गरज संपली. मी ठाण्याला परत आलो आणि जांभळी नाक्याजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान थाटलं. तेवढ्यात स्वातंत्र्य आलं. साहेब लोक गेले आणि त्यांच्या बंगल्यांतलं सामान लिलावात निघालं. तिकडे मुंबईला दारूखाना बंदरात जुन्या आगबोटी तोडल्या जात होत्याच. या दोन्ही ठिकाणी पितळेचे वाटोळे, काळवंडलेले बॅरोमीटर मातीमोल पडलेले असत. भंगारवाला त्यांच्याकडे नुसतं पितळ म्हणून बघायचा. मला मात्र जुने दोस्त भेटल्यासारखं व्हायचं. मी ते आणायचो, चिंच लावून घासायचो, आतली चाकं साफ करायचो आणि दुकानाच्या काचेत टांगायचो. लोक त्याला 'हवेचं घड्याळ' म्हणू लागले आणि मीही ते नाव खोडून काढायच्या भानगडीत पडलो नाही.

आता हे हवेचं घड्याळ चालतं कसं? हवेला वजन असतं. आपल्या डोक्यावर ते सतत असतं, पण आपण जन्मापासून हमाल असल्यामुळे ते जाणवत नाही. बॅरोमीटरच्या पोटात एक चपटी पत्र्याची डबी असते. तिच्यातली हवा काढून घेतलेली असते. बाहेरची हवा जड झाली की डबी दबते, हलकी झाली की फुगते. हा दबण्याफुगण्याचा फरक केसाएवढा. तो एका दांडीवरून एका बारीक साखळीत आणि साखळीवरून काट्यात जातो आणि तबकडीवर दिसतो. तबकडीवर इंग्रजीत लिहिलेलं असतं: वादळी, पाऊस, बदल, स्वच्छ, फार कोरडी. वादळ यायचं असलं की हवा हलकी होते आणि काटा खाली सरकू लागतो. बोटीवरचा कप्तान ते बघून शिडं उतरवतो.

गंमत अशी की ते शब्द विलायतेच्या हवेसाठी लिहिलेले. आमच्या आषाढात बाहेर धो धो कोसळत असतानाही काटा 'बदल'च्या खाली जायचं नाव घेत नाही. म्हणून आमच्याकडे शब्द वाचायचे नसतात, काट्याची चाल बघायची असते. सकाळी दहाच्या सुमाराला तो दिवसातला वर असतो, दुपारी चारला तीळभर खाली येतो. रोज, न चुकता, माणसानं श्वास घ्यावा तसा. ज्या दिवशी दहाला तो वर चढत नाही, त्या दिवशी समजावं की काहीतरी शिजतंय. हे मला गोदीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं शिकवलं होतं. माझ्या बाकड्यामागे मी एक बॅरोमीटर स्वतःसाठी टांगून ठेवला होता आणि रोज दहा नि चारला त्याच्या काचेवर टिचकी मारायचो. बायको म्हणायची, देवाला एवढं नियमानं फूल वाहिलं असतंत तर बरं झालं असतं.

घेणारी मंडळी कोण? बोट तर कोणाकडेच नव्हती. पण दिवाणखान्यात काय टांगावं हा त्या काळी मोठा प्रश्न होता. आजोबांचा फोटो झाला, हरणाची शिंगं झाली, आता पुढे काय? तिथे माझा बॅरोमीटर बसायचा. कल्याणच्या एका वकिलांनी तर पाऱ्याचा, लांब नळीचा, खास जहाजावरचा नेला. जहाज कलंडलं तरी तो सरळ राहावा म्हणून अशा बॅरोमीटरला भिंतीपासून दूर, झुलत्या कडीत टांगलेलं असतं. वकीलसाहेबांनी तो दाराशेजारीच लावला. आत येणाऱ्या पक्षकाराचा धक्का लागला की तो झुलून परत येई आणि त्याच्या खांद्यावर बसे. मी म्हटलं, जागा बदलू या. ते म्हणाले, "राहू द्या हो. माणूस बसायच्या आधीच नरम होतो."

कल्याणचेच एक वैद्य आले. त्यांनी तसलीच नळी दोन्ही हातांत धरून तोलली, डोळे मिटले आणि विचारलं, "आत पारा किती?" लाकूड, पितळ, आकडे, कशाकडे बघणं नाही. त्यांना मात्रा करायची होती. महिन्याभरानं मी सहज त्यांच्या दवाखान्यात डोकावलो, तर नळी रिकामी आणि भिंतीवर टांगलेली. रोगी तिच्यासमोर हात जोडून बसलेले. वैद्य मला बाजूला घेऊन म्हणाले, "काही बोलू नका, लोकांना आधार वाटतो."

पण माझ्या धंद्याला खरी कलाटणी दिली ती डोंबिवलीच्या जोगळेकरांनी. पोस्टातून निवृत्त झालेले, टापटिपीचे गृहस्थ. त्यांनी माझ्याकडून एक सुंदर जहाजी बॅरोमीटर नेला आणि बैठकीत मधोमध लावला. थोड्याच दिवसांत त्यांच्या कुसुमला बघायला मंडळी आली. पोहे झाले, मुलीला चार प्रश्न झाले, आणि मुलाचे मामा हात पुसत बॅरोमीटरपाशी गेले. 'हे काय?' म्हणत त्यांनी काचेवर टिचकी मारायची ती मूठ मारली. आतली जुनी साखळी घसरली आणि काटा गर्रकन फिरून थेट तळाला. मुलगा इंग्रजी शिकलेला. त्यानं मोठ्यानं वाचलं, "वादळी."

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. "बरं, कळवतो," म्हणाल्या. कळवलं नाहीच.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत जोगळेकर पायरीवर हजर. बॅरोमीटर धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला. म्हणाले, "हा काटा बांधून द्या."

"बांधून म्हणजे?"

"म्हणजे 'स्वच्छ'वर ठेवा आणि तिथून हलू देऊ नका. मरेपर्यंत."

मी त्यांना खूप समजावलं. म्हटलं, अहो, हे यंत्र आहे, हलणं हाच याचा धर्म. ते म्हणाले, "माझ्या घरात उपवर मुलगी आहे. तुमच्या यंत्राचा धर्म तुमच्या दुकानात पाळा."

शेवटी मी बांधला. साखळी काढून घेतली आणि काट्याच्या मुळाशी लाखेचा थेंब सोडला. काम पाच मिनिटांचं, मी त्याला अर्धा तास लावला. साखळी टाकवली नाही. कागदात गुंडाळून वर जोगळेकरांचं नाव लिहिलं, म्हणजे कधी सुबुद्धी झाली तर परत जोडता येईल.

पंधरा दिवसांत कुसुमचं दुसऱ्या ठिकाणी जमलं. आणि जोगळेकरांनी अख्ख्या डोंबिवलीत सांगितलं की काटा बांधल्यावर गुण आला.

झालं. डोंबिवली, कल्याण, ठाणे, जो तो बांधलेला काटा मागू लागला. वास्तुशांतीला बांधलेला काटा, मुंजीच्या आहेराला बांधलेला काटा. कोणी दसऱ्याला न्यायचे आणि त्याला हळदकुंकू वाहायचे. एका आजीबाईंनी मुहूर्त काढून आणला की लाख अमुक वेळीच लावा. मी दुकानावर पाटीच लावली: 'काटा बांधून मिळेल'. बायकोनं पाटी वाचली आणि विचारलं, "तुम्ही घड्याळजी की पंचांगवाले?" मी हसलो. पहिल्या काट्याला अर्धा तास लागला होता, चौथ्याला मी शीळ घालत होतो. पुढे पुढे तर मी गिऱ्हाइकानं विचारायची वाटही बघेनासा झालो. काचेत टांगायच्या आधीच बांधून मोकळा, पुडीवर नाव विकल्यावर लिहायचं. नाहीतरी बांधायचाच आहे, मग आधीच का नको?

अशातच एका मार्गशीर्षात काशीबाई आली.

काशीबाई भोईर बाळकुमची. खाडीला लागून त्यांची मिठागरं होती आणि नवरा गेल्यापासून ती दिराला बरोबर घेऊन स्वतः आगर चालवायची. कासोटा मारलेलं लुगडं, हातात चांदीचे गोठ, पायांच्या भेगांत मिठाची पांढरी रेघ. ती घड्याळ दुरुस्तीला आली होती, पण काचेतल्या पितळेपुढे उभी राहिली.

"ह्यो काय करतंय रं?"

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, आणि मला व्याख्यान द्यायला केव्हाही आवडतं. मी सगळं सांगितलं. हवेचं वजन, डबी, बोटीवरचा कप्तान. काटा इथं असला की बरं, खाली आला की वादळपाणी. "खाली येत नाही तोवर खुशाल राहायचं," असंही वर सांगितलं. तिनं मध्येच विचारलं, "खाऱ्या वाऱ्यानं खराब होयाचा नाय ना?" वकील, वैद्य, पोस्टमास्तर, इतक्या लोकांना मी ही यंत्रं विकली, पण यंत्राबद्दलचा असा कामाचा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. खरं म्हणजे तिथेच माझे कान टवकारायला हवे होते. मी म्हटलं, नाही, पितळ जहाजाचंच आहे.

"बरा. दे मना."

मी काचेतला सगळ्यात चकचकीत काढून दिला. तो बांधलेला होता. "भिंतीला शोभा येईल," हे वर मीच म्हणालो. ती हसली. मला वाटलं, मिठागरावरची बाई, नवं घर बांधलं असेल, लखलखीत काहीतरी टांगायला हवं असेल. शिकल्यासवरल्या लोकांनी तो शोभेलाच नेला होता, मग ही बाई तो बघून आगर चालवील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

पाच महिने गेले. वैशाख लागला. बाळकुमचे एक शाळामास्तर मनगटी घड्याळाचा पट्टा बदलायला आले. साडेदहा वाजले असतील. मी पट्टा लावत होतो आणि ते हसत सांगत होते, "आमच्या गावात एक मजा चाललीय. वाऱ्याचा रंग बघून सगळ्या आगरवाल्यांनी मिठाच्या राशी गवतानं शाकारल्या. एकटी काशीबाई अजून मीठ ओढतेय. सात राशी उघड्या. दीर भांडतोय, पण ती म्हणते, माझा काटा अजून वर आहे. सासरा होता तोवर वारा हुंगून सांगायचा. तो गेला, तेव्हापासून म्हणे आता काटाच तिचा सासरा."

माझ्या हातातला पट्टा खाली पडला. मी वळून माझ्या बॅरोमीटरकडे बघितलं. दहाची टिचकी त्या दिवशी गडबडीत राहून गेली होती. आता मारली. काटा वर चढलेला असायला हवा होता. तो आदल्या दुपारच्या चारपेक्षाही खाली होता, आणि टिचकीसरशी आणखी सरकला.

मिठाच्या राशीवर पाणी पडलं तर काय होतं ते सांगायला नको. पाच महिन्यांचं काम खाडीत परत. आणि एकट्या बाईनं आगर चालवायचं म्हणजे अख्खं गाव तिच्या चुकण्याची वाट बघत असतं, हेही ठाण्यात राहून मला ठाऊक होतं. मी दुकान मास्तरांवर सोडलं आणि सायकल काढली.

बाळकुमला पोचलो तेव्हा ऊन मी मी म्हणत होतं. वारा ठार पडलेला. काशीबाई गुडघाभर लुगडं खोचून लाकडी फावड्यानं मीठ ओढत होती. बांधावर सात राशी ओळीनं चमकत होत्या. मला धाप लागलेली. म्हटलं, "काशीबाई, राशी झाका."

"कनाला? काटा वर हाय. आताच बघून आयले."

"तो काटा हलत नाही."

"कसा नाय हलत?"

"मी बांधलाय. लाख लावून. लोकांना तसाच आवडतो म्हणून. तुम्हाला देताना सांगितलं नाही."

तिनं फावडं टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं. आवाज चढला नाही.

"मंजे तू मना मेलेला दिलास."

ती वळली आणि अशी काही हाक मारली की पलीकडच्या आगरातली माणसंही उभी राहिली. गवताचे भारे आले, झावळ्या आल्या. कालपर्यंत तिला हसणारे शेजारीही आले, हे गावाचं मोठेपण. मीही बूट काढून उतरलो. सवय नसलेल्या पायांना मिठाचे खडे असे कापतात की विचारू नका, आणि कापल्यावर वर तेच मीठ लागतं. माझी कामगिरी बघून एक म्हातारी म्हणाली, "ह्याला बाजूला बसवा रं, ह्यो मदतीपेक्षा जास्त नाचतोय."

पाच राशी झाकून झाल्या. सहावीवर झावळ्या टाकत होतो तेव्हा वारा उठला आणि झावळ्याच घेऊन गेला. मग पाणी आलं. सहावी आणि सातवी रास आमच्या डोळ्यांदेखत बसत गेली. काशीबाई ओटीवर उभी राहून बघत होती. तिच्या शेजारी भिंतीवर माझा बॅरोमीटर होता, झकास घासलेला, काटा 'स्वच्छ'वर.

दीर म्हणाला, "ह्या घड्यालवाल्यालाच खाडीत बुडवाला पायजे."

"येऊन तरी सांगला ना त्यानं," काशीबाई म्हणाली. "दुसरा आयला नसता."

मी म्हटलं, दुसरा देतो, नवा, चालता. ती म्हणाली, "दुसरा नको. ह्याच्यातच जीव घाल."

साखळी दुकानात, पुडीत होती. म्हटलं, हवा निवळली की येतो. मधल्या दिवसांत मी डबा घेऊन बाकीच्या गिऱ्हाइकांकडेही फिरलो, ते इथेच सांगून टाकतो. प्रत्येकाला म्हटलं, काटा सोडवून देतो, चूक माझी. एकानंही सोडवू दिला नाही. जोगळेकर म्हणाले, "कुसुमला दिवस गेलेत, आता भलतंसलतं नको." मुहूर्तवाल्या आजीबाई म्हणाल्या, "चाललंय ते बरं चाललंय." वकील आणि वैद्य तेवढे सुटले, त्यांच्या नळ्यांना काटाच नव्हता. त्या साखळ्या त्या डब्यात अजून तशाच आहेत.

चार दिवसांनी आकाश धुतल्यासारखं झालं. मी सकाळी नऊलाच बाळकुमला गेलो. ओटीवर फडकं पसरून बॅरोमीटर उघडला. लाख खरवडली, साखळी ओवली, दुकानातून बरोबर आणलेल्या माझ्या बॅरोमीटरशी ताडून काटा जुळवला. भोवती अर्धा गाव. काम झाल्यावर मी तिला दहा नि चारची गोष्ट सांगितली, जी मी पहिल्या दिवशीच सांगायला हवी होती. पाय चोळत उठलो, तर काशीबाई म्हणाली, "कुठं चाल्लास? बस."

दहा वाजले. तिनं काजळाची डबी आणली आणि काट्याच्या टोकासमोर काचेवर बारीक ठिपका दिला. मग मला म्हणाली, "आता चार वाजंपर्यंत तू इथंच."

बसलो. दुपारी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी पुढे आली. माझ्या घरात सात पिढ्यांत कोणी जवळा खाल्ला नव्हता. पण त्या दिवशी नाही म्हणायचं तोंड मला नव्हतं, आणि खरं सांगतो, मागून घेतला. ती आपल्या कामाला गेली, आली, पुन्हा गेली. येता-जाता काचेकडे बघायची, माझ्याकडे बघायची नाही. गोदीत मोठमोठ्या कप्तानांनी माझी यंत्रं तपासून घेतली, पण असं दर पाच मिनिटांनी काचेकडे मी कधी बघितलं नव्हतं. साखळी जुनी, सहा महिने तरी पुडीत पडलेली. न हललाच तर?

चारच्या सुमाराला ती हात पुसत आली. मी टिचकी मारायला बोट उचललं.

"तू हात लावू नको," ती म्हणाली.

तिनं स्वतः बोटाच्या टोकानं काचेला हलकेच टिचकी दिली. काटा थरथरला आणि काजळाच्या ठिपक्याखाली तीळभर सरकून थांबला.

तिनं पदरानं ठिपका पुसला.

"जिता हाय," म्हणाली. "आता जा."

दुकानावरची पाटी मी त्याच संध्याकाळी उतरवली. पुडी मात्र ठेवली. तिच्यावर लिहिलंय, 'काशीबाई भोईर, बाळकुम', आणि आत काही नाही.